पिवळ्या बटणाची किंमत

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्येक देशाच्या टेबलावर मतदानासाठी तीन बटणं असतात. हिरवं म्हणजे ठरावाच्या बाजूने. लाल म्हणजे विरोधात. आणि पिवळं म्हणजे... इथेच सगळी गंमत आहे. पिवळं म्हणजे 'आम्ही हजर आहोत, आम्ही ऐकलंय, पण आम्ही यातल्या कुठल्याच बाजूने हात वर करणार नाही.'

२ मार्च २०२२. युक्रेनवर रशियाचा हल्ला होऊन जेमतेम आठवडा झाला होता. रशियाने सैन्य मागे घ्यावं, अशी मागणी करणारा ठराव आमसभेत मतदानाला आला. समोरच्या मोठ्या बोर्डावर १४१ हिरवे दिवे लागले. लाल फक्त पाच : खुद्द रशिया, बेलारूस, सीरिया, उत्तर कोरिया आणि इरिट्रिया. आणि ३५ पिवळे. त्या ३५ मध्ये भारत होता. चीन होता. दक्षिण आफ्रिका होती. आणि हो, पाकिस्तानही होता. एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत न होणारे आपण आणि ते त्या दिवशी एकाच रंगात होतो. आपले शेजारी नेपाळ आणि भूतान मात्र हिरव्या रंगात.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कुणी लिहिलं 'भारत तटस्थ', कुणी लिहिलं 'भारत गैरहजर', कुणी 'अलिप्त'. तिन्ही शब्दांचा अर्थ वेगळा आहे. गैरहजर तर आपण नव्हतोच. राहिला प्रश्न तटस्थ की अलिप्त याचा. कट्ट्यावर, डिबेटमध्ये, मॉडेल युनायटेड नेशन्सच्या कमिटीत हा प्रश्न हमखास निघतो आणि हमखास दोन गट पडतात. एक म्हणतो, 'हे शहाणपण आहे, आपण कुणाच्या बापाचं ऐकत नाही.' दुसरा म्हणतो, 'ही कुंपणावरची बैठक आहे, स्वस्त तेलासाठी तोंड बंद ठेवलं.'

दोन्ही वाक्यं ऐकायला दमदार आहेत. पण दोन्हींत एक प्रश्न राहून जातो. पिवळं बटण दाबायला परवडतं कुणाला? आणि त्याचं बिल कोण भरतं?

त्याच दिवशी खारकीव्हमध्ये

न्यूयॉर्कमध्ये मतदान झालं त्याच दिवशी, म्हणजे २ मार्चलाच, युक्रेनमधल्या भारतीय दूतावासाने खारकीव्ह शहरातल्या भारतीयांना एक तातडीची सूचना दिली. शहर लगेच सोडा. पिसोचिन, बाबाये, बेझल्युदिव्का या जवळच्या गावांत संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा. बस मिळत नसेल, ट्रेन मिळत नसेल, तर चालत जा. आदल्याच दिवशी खारकीव्हमध्ये एक भारतीय वैद्यकीय विद्यार्थी हल्ल्यात ठार झाला होता. आपल्याच वयाची मुलं पाठीवर सॅक घेऊन, बर्फातून, किलोमीटरच्या किलोमीटर चालत निघाली. त्यात मराठी मुलंही होती.

हा प्रसंग लक्षात ठेवणं महत्त्वाचं आहे. कारण 'परराष्ट्र धोरण' म्हटलं की आपल्याला सूट, झेंडे आणि हस्तांदोलनाचे फोटो आठवतात. त्या दिवशी परराष्ट्र धोरण म्हणजे खारकीव्हच्या बाहेर चालणारी मुलं होती. त्यांच्या एका बाजूला रशियाचं सैन्य होतं आणि दुसऱ्या बाजूला युक्रेनचं. रस्ता हवा असेल तर दोघांशीही बोलणं भाग होतं. पंतप्रधान नरेंद्र मोदी रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्याशी बोलले आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशीही. मत देतानाच्या निवेदनातही भारताने आपल्या विद्यार्थ्यांना सुरक्षित वाट मिळावी, अशी मागणी केली.

'ऑपरेशन गंगा'मध्ये साधारण साडेबावीस हजार लोक परत आले. ९० विमानफेऱ्या झाल्या, त्यातल्या १४ हवाई दलाच्या. हरदीपसिंग पुरी, ज्योतिरादित्य शिंदे, किरेन रिजिजू आणि व्ही. के. सिंह हे चार केंद्रीय मंत्री युक्रेनच्या शेजारी देशांत जाऊन बसले. सुमी शहरात अडकलेले सुमारे ७०० विद्यार्थी सगळ्यात शेवटी, ८ मार्चला बसमधून बाहेर पडले.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'भारतासाठी युद्ध काही तास थांबवलं' असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरून गेला असेल. आपल्या विद्यार्थ्यांसाठी कुणी बॉम्बफेक थांबवली, हे बरोबर नाही, असं परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी ३ मार्चलाच पत्रकार परिषदेत सांगितलं होतं. पिवळ्या बटणाने युद्ध थांबलं नाही. त्याने फक्त एवढं केलं, की दोन्हीकडचा फोन उचलला जाईल याची शक्यता शाबूत राहिली. हे कमी नाही. पण जेवढं आहे तेवढंच सांगावं.

हे बटण जुनं आहे

पिवळं बटण २०२२ मध्ये शोधलं गेलं, असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ.

१९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. पंडित नेहरूंनी लगेच आणि कडक शब्दांत निषेध केला. त्याच सुमारास सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले. तिथे मात्र भारताची भाषा बरीच जपून होती. 'एका हल्ल्याला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं का?' ही टीका तेव्हा परदेशातच नाही, भारतातही झाली.

१९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. भारत तेव्हा सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. निषेधाच्या ठरावावर आपण मत दिलं नाही. यावर केंद्रीय मंत्री अशोक मेहता यांनी राजीनामा दिला. परक्या देशातल्या रणगाड्यांवरून आपल्याकडच्या मंत्र्याने खुर्ची सोडली! आज असं काही घडेल का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानचा विषय आमसभेत आला. १०४ देश ठरावाच्या बाजूने होते. भारत पुन्हा पिवळ्या रंगात.

हे असं का? याचं सगळ्यात मोठं उत्तर १९७१ मध्ये आहे. ते वर्ष आपण शाळेत 'विजय' म्हणून शिकतो. पण आमसभेतला आकडा पुस्तकात सहसा नसतो. ७ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशचं युद्ध चालू असताना, युद्ध थांबवून सैन्य मागे घ्या, असा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. आपण त्या ११ मध्ये होतो. म्हणजे जगातले बहुतेक देश तेव्हा आपल्याला 'थांबा' म्हणत होते. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आपल्याकडे आले होते, तिथे काय चाललंय हे जगाला दिसत होतं, तरीही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. सुरक्षा परिषदेत आपल्या बाजूने व्हेटो वापरला तो सोव्हिएत युनियनने, आणि तोही एकदा नाही, त्या डिसेंबरात तीनदा.

त्याआधी चारच महिने, ९ ऑगस्ट १९७१ ला, दिल्लीत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी मैत्री आणि सहकार्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. २० वर्षांचा करार. यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. या कराराच्या चौथ्या कलमात सोव्हिएत युनियन भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करतं, असं लिहून घेतलेलं आहे. म्हणजे एका महासत्तेचा हात धरतानाच आपण तिच्याकडून लिहून घेतलं, की आम्ही तुमच्या गटात आलेलो नाही. भागीदारी आणि स्वातंत्र्य ही दोन टोकं आहेत, असं आपल्याला डिबेटमध्ये शिकवतात. १९७१ मध्ये ती दोन्ही एकाच कागदावर होती.

पण या मैत्रीचं ओझं पुढची पन्नास वर्षं राहिलं. ते कसं, हे बघायला दिल्ली-मॉस्कोला जायची गरज नाही. नाशिकला गेलं तरी चालेल.

ओझरमध्ये दिसणारं परराष्ट्र धोरण

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तो १९६०च्या दशकात मिग-२१ विमानं बनवण्यासाठी उभा राहिला. डिझाइन सोव्हिएत, परवाना सोव्हिएत, हात मात्र आपले. पुढे याच कारखान्यात रशियन परवान्यावर सुखोई-३० एमकेआय बनू लागलं. दोनशेहून अधिक सुखोई इथून बाहेर पडली. आज आपल्या हवाई दलाचा कणा म्हणतात तो हाच. लष्कराकडचे टी-७२ आणि टी-९० रणगाडेही मूळचे रशियन.

आता २०२२ च्या फेब्रुवारीत दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झालेत. लडाखमध्ये चीनसमोर आपलं सैन्य उभं आहे. त्यांच्याकडची विमानं आणि रणगाडे यांचे सुटे भाग रशियातून येतात. एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा आपण २०१८ मध्ये पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतलीय आणि तिची पहिली खेप नुकतीच आलीय. अशा वेळी तुम्ही हिरवं बटण दाबाल?

शस्त्रं विकत घेणं म्हणजे मोबाइल विकत घेणं नाही. विमान एकदा घेतलं, की पुढची तीस-चाळीस वर्षं त्याचे सुटे भाग, दारूगोळा, दुरुस्ती, ट्रेनिंग हे सगळं त्याच दुकानातून घ्यावं लागतं. त्या दुकानदाराशी भांडण परवडत नाही. आपल्या मतदानाचा रंग पुष्कळदा चाळीस वर्षांपूर्वीच्या खरेदीच्या पावतीवर ठरलेला असतो, तो असा.

मग हे बदलतंय का? बदलतंय, पण हळूहळू. जगभरातल्या शस्त्रव्यापाराचा हिशेब ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१०-१४ मध्ये भारताच्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता. २०१५-१९ मध्ये तो ५५ टक्क्यांवर आला. २०२०-२४ मध्ये ३६ टक्के. त्या जागेत फ्रान्स, इस्रायल आणि अमेरिका आले. राफेल त्यातलंच. अजूनही रशिया पहिल्या क्रमांकावर आहे. पण दहा वर्षांत वाटा निम्मा होणं ही लहान गोष्ट नाही.

ओझरमध्येही हा बदल दिसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. स्वदेशी विमान! टाळ्या वाजवायलाच हव्यात. पण तेजसच्या पोटात बघितलं तर इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं आहे. आणि ती इंजिनं उशिरा येत असल्यामुळे तेजसचं वेळापत्रकही लांबलं. एका दुकानदारावरचं अवलंबित्व कमी केलं आणि दुसऱ्या दुकानदाराची वाट बघत बसलो, असं होऊ नये. 'आत्मनिर्भर' या शब्दाची परीक्षा पोस्टरवर होत नाही, ती या इंजिनासारख्या ठिकाणी होते.

स्वस्त तेल कुणासाठी?

आता सगळ्यात गाजलेला मुद्दा : तेल.

आपण लागतं त्यातलं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. युद्धाआधी त्यात रशियाचा वाटा दोन टक्केही नव्हता. मार्च २०२२ मध्ये कच्चं तेल बॅरलमागे १३० डॉलरच्या पुढे गेलं. युरोपने रशियाकडे पाठ फिरवायला सुरुवात केली आणि रशिया सूट देऊन गिऱ्हाईक शोधू लागला. भारत ते गिऱ्हाईक झाला. २०२३-२४ पर्यंत आपल्या आयातीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रशियाचा होता.

गंमत म्हणजे यात पाश्चात्त्य देशांचाही फायदा होता. रशियाचं तेल बाजारातून पूर्ण गायब झालं असतं तर सगळ्यांनाच महाग पडलं असतं. म्हणून जी-७ देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये रशियन तेलावर बंदी घालण्याऐवजी बॅरलमागे ६० डॉलरची किंमतमर्यादा आणली. म्हणजे, 'विका, पण जास्त कमावू नका.' भारतातल्या रिफायनऱ्या रशियन कच्चं तेल घेत होत्या, शुद्ध करत होत्या, आणि त्यातलं डिझेल, विमानाचं इंधन युरोपलाही जात होतं. युरोपवर टीका करणारी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांची रील्स आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलीत. त्यांच्या म्हणण्याच्या मुळाशी हाच विरोधाभास होता.

पण त्या रीलमध्ये नसलेला एक प्रश्न आहे. तेल स्वस्त मिळालं, तर बाइकची टाकी भरताना ते का जाणवलं नाही? मुंबईत पेट्रोल या सगळ्या काळात शंभरीच्या वरच राहिलं. सुटीचा फायदा आधी तेल कंपन्यांकडे आणि रिफायनऱ्यांकडे गेला. सरकारी तेल कंपन्यांना आधीचा तोटा भरून काढता आला, परकीय चलनावरचा ताण कमी झाला, महागाई आणखी भडकली नाही, हे खरं आहे. तो फायदा देशाचाच आहे. पण 'देशाला फायदा झाला' आणि 'मला फायदा झाला' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. परराष्ट्र धोरणावर बोलताना आपण त्यांची सतत सरमिसळ करतो.

बिल आलं, पण भलत्याच टेबलावर

स्वतंत्र धोरणाची किंमत असते, हे आपण ऐकलेलं असतं. ती कशी दिसते, हे २०२३ नंतर दिसायला लागलं.

पहिलं उदाहरण रुपयांचं. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेची बैठक झाली. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह म्हणाले, की आमचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. कारण सोपं आहे. आपण रशियाकडून भरपूर घेतो, त्यांना विकतो फारच थोडं. २०२४-२५ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार ६८ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, पण त्यात आपली निर्यात पाच अब्जसुद्धा नव्हती. अशा एकतर्फी व्यवहाराला मैत्री म्हणता येईल, बरोबरीची भागीदारी म्हणायला जीभ अडखळते.

दुसरं उदाहरण जास्त वेदनादायी आहे. चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून एजंटांनी काही भारतीय तरुणांना रशियात नेलं आणि ते थेट लष्करात भरती होऊन युद्धभूमीवर पोहोचले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की अशा १२६ जणांची माहिती आहे. त्यातले १२ मारले गेले, १६ बेपत्ता होते. ९६ जण परत आले होते. जुलै २०२४ च्या मॉस्को दौऱ्यात पंतप्रधानांनी हा विषय पुतिन यांच्याकडे काढला होता. मित्र देशाच्या सैन्यातून आपली मुलं सोडवून आणायला एवढी रदबदली करावी लागते, ही गोष्टही 'विशेष भागीदारी'च्या हिशेबात मांडायला हवी.

तिसरं उदाहरण अमेरिकेचं. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी रशियन तेल घेतल्याबद्दल भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं. आधीचं २५ धरून २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के. आपल्या सरकारने याला अन्याय्य म्हटलं. त्यात तथ्य होतं, कारण रशियन तेल आपल्यापेक्षा जास्त घेणाऱ्या चीनवर या कारणासाठी असं शुल्क लागलं नव्हतं.

पण बघा, तेल घेतलं कुणी आणि फटका बसला कुणाला? तिरुप्पूरचे कपडे, सुरतचे हिरे, आंध्रातली कोळंबी, अंधेरीच्या सीप्झमधून अमेरिकेला जाणारे दागिने. सीप्झमध्ये दागिन्यांना पॉलिश करणाऱ्या कारागिराने रशियाचं तेल कधी बघितलेलंही नसतं. रिफायनरीचा नफा एका खात्यात जमा होतो आणि त्याचं बिल दुसऱ्याच टेबलावर येतं. शुल्काचे आकडे वाटाघाटींत वर-खाली होत राहतात. पण हा धडा कायमचा आहे : देशाने स्वतंत्र भूमिका घ्यायची ठरवली, तर तिची झळ ज्यांना बसते त्यांना सांभाळणं हाही परराष्ट्र धोरणाचाच भाग असला पाहिजे.

मग हिरवं दाबलं असतं तर?

इथे एक प्रामाणिक प्रतिवाद आहे आणि डिबेटमध्ये तो सहसा कुणी मांडत नाही. २ मार्च २०२२ ला तुर्कस्तानने हिरवं बटण दाबलं. ब्राझीलनेही. दोघांनीही रशियाशी व्यापार तोडला नाही. तुर्कस्तानने युक्रेनला ड्रोन विकले, काळ्या समुद्रात जाणाऱ्या सामुद्रधुन्या युद्धनौकांसाठी बंद केल्या, आणि त्याच वेळी रशियाचं तेलही घेतलं. जुलै २०२२ मध्ये युक्रेनचं धान्य बाहेर काढण्याचा करार झाला तो इस्तंबूलमध्येच. म्हणजे 'हिरवं दाबलं की रशिया संपला' असं गणित नव्हतं. चुकीला चूक म्हणून व्यवहार चालू ठेवणारे देश होते.

अर्थात तुर्कस्तान नाटोचा सदस्य आहे आणि त्याच्या हातात सामुद्रधुनीची किल्ली आहे. ब्राझीलच्या सीमेवर चीन उभा नाही. आपली गोष्ट वेगळी आहे. पण 'दुसरा पर्यायच नव्हता' असं म्हणताना थोडं थांबायला हवं, एवढंच.

आणि भारत अगदीच गप्प होता, हेही खरं नाही. एप्रिल २०२२ मध्ये बुचा शहरातली हत्याकांडं समोर आली तेव्हा भारताने सुरक्षा परिषदेत त्यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. रशियाचं नाव मात्र घेतलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला मोदींनी पुतिन यांना समोरासमोर सांगितलं, की आजचं युग युद्धाचं नाही. जुलै २०२४ मध्ये मोदी मॉस्कोत असताना कीव्हमधल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं आणि त्या भेटीवर झेलेन्स्की यांनी कडवट शब्दांत टीका केली. पुढच्याच महिन्यात मोदी कीव्हला गेले. १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाल्यापासून भारतीय पंतप्रधानांची ती पहिलीच भेट होती.

तेहेतीस वर्षांत पहिली. दोन्हीकडे बोलणारा देश म्हणवून घ्यायचं असेल, तर एका बाजूला दरवर्षी आणि दुसऱ्या बाजूला तीन दशकांतून एकदा जाऊन कसं चालेल? युद्धाआधी आपल्याकडे येणारं बहुतांश सूर्यफूल तेल युक्रेनचं होतं. हजारो भारतीय मुलं तिथे डॉक्टर होत होती. तरी तो देश आपल्या नकाशावर ठळक झाला तो युद्धामुळे.

रंग बदलले, पिवळा तसाच

२४ फेब्रुवारी २०२५ ला, युद्धाला तीन वर्षं झाली त्या दिवशी, आमसभेत पुन्हा युक्रेनचा ठराव आला. या वेळी हिरवे ९३. लाल १८. पिवळे ६५. आणि त्या १८ लाल दिव्यांमध्ये रशियाच्या जोडीला होती अमेरिका! तीन वर्षांपूर्वी भारताला 'इतिहासाच्या चुकीच्या बाजूला उभे राहू नका' म्हणून उपदेश करणाऱ्या वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि बटणाचा रंगही बदलला. भारत होता तिथेच, पिवळ्यावर.

पिवळं बटण समर्थनीय वाटतं ते अशा वेळी. मोठ्या देशांची मतं निवडणुकीबरोबर फिरतात. त्यांच्या मागे धावत आपण दर वेळी रंग बदलायचा ठरवला, तर आपल्याला स्वतःचा रंगच राहणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टअखेर मोदी तिआनजिनला शी जिनपिंग आणि पुतिन यांच्यासोबत दिसले, डिसेंबरात पुतिन दिल्लीला आले. आणि या सगळ्यात आपण अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाडमध्येही आहोतच. एकाच वेळी इतक्या टेबलांवर बसणारे देश फार नाहीत.

पण टेबलावर बसणं आणि टेबलावर वजन असणं यात फरक आहे. वजन येतं ते हातात पर्याय असले की. सुटे भाग एकाच देशातून येत असतील, इंजिन दुसऱ्याच देशाच्या मर्जीने मिळत असेल, निर्यात तिसऱ्याच्या एका सहीने अडत असेल, तर पिवळं बटण हा निर्णय उरत नाही, ती मजबुरी होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. बोर्डावर दिवा तोच लागतो.

पिवळं बटण आपल्याला वेळ मिळवून देतं. १९७१ नंतर मिळालेल्या वेळात आपण पुरेसे पर्याय उभे केले नाहीत, म्हणून २०२२ मध्ये पुन्हा तीच गाठ समोर आली. आता मिळालेल्या वेळात काय करतोय, ते महत्त्वाचं.

त्यामुळे पुढच्या वेळी कुठल्याही युद्धावर 'भारत कुणाच्या बाजूने?' असा वाद रंगला, मग ते युक्रेन असो, पश्चिम आशिया असो किंवा आपल्या दारातलं काही, तर तीन प्रश्न विचारून बघा. एक, या देशाकडून आपण अशी कुठली गोष्ट घेतो जी दुसरीकडे मिळत नाही? दोन, ही भूमिका घेतल्याचा फायदा कुणाच्या खात्यात जातोय आणि फटका कुणाला बसतोय? तीन, तिथे आपली माणसं किती आहेत आणि गरज पडली तर त्यांना बाहेर काढण्यासाठी फोन कुणाला करायचा?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला सुरुवात करायला हरकत नाही. परदेशी शिकायला निघालेला एक तरी मित्र आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतोच.